सातेरीच्या पेटाऱ्याचे मालक

७ मे १९६५, शुक्रवार

आज म्हापशाच्या बाजारात मिरच्या घ्यायला गेलो आणि कायदा घेऊन आलो. मिरच्या राहिल्या. जानकीनं पिशवी उलटी करून झटकली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चुलीकडे वळली. बायको बोलत नाही तेव्हा मला घास गिळवत नाही, पण आज गिळला, कारण बातमीच तशी होती.

पोर्तुगीज सरकारनं ज्या नागरिकांची मालमत्ता जप्त केली, त्यांना आपलं सरकार भरपाई देणार. तसा कायदा झालाय. म्हापशाला एक खास अधिकारी बसवलाय, त्याच्याकडे सप्टेंबरअखेर अर्ज द्यायचा. चहाच्या दुकानात कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होता. मी हातातलं भजं तसंच ठेवून उभा राहिलो. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं भजी खाताना कानावर पडावं!

काय गेलं ते पुन्हा लिहून ठेवतो. राग शिळा होऊ देणं मला पटत नाही. पंचावन्न साली सावंतवाडीकडच्या जत्रा आटोपून आमची दशावतारी कंपनी पहाटे इब्रामपूरला परत येत होती. सत्याग्रहाचे दिवस, हद्दीच्या चौकीवरचे पाखले, म्हणजे पोर्तुगीज शिपाई, आधीच बिथरलेले. गोऱ्या शिपायांनी आमच्या कंपनीतल्या धाकूच्या डोक्यावरचा पेटारा खाली उतरवायला लावला. झाकण उघडतात तर तलवारी! लाकडाच्या, वर बेगड चिकटवलेल्या. एक मोडून दाखवली तरी ऐकेनात. हत्यारं सापडली म्हणून अख्खा पेटारा जप्त. गणपतीचा मुखवटा, किरीट, साड्या, दागिने, सगळं. एका शिपायानं संकासुराचा काळा बुरखा तोंडावर ओढला, दुसऱ्यानं माझा जरीचा शालू अंगाला गुंडाळला आणि चौकीच्या अंगणात दोघे नाचले. कंपनीत राणीचा पार्ट मी करतो. माझ्या राणीला पाहून बायाबापड्या हात जोडतात. त्या राणीचा शालू नेसून तो दाढीवाला नाचला आणि मी हात बांधून उभा राहिलो.

तेव्हापासून आम्ही उसन्या कपड्यांवर नाटक करतो. मागच्या जत्रेला देवस्थानच्या मानकऱ्यांनी तोंडावर सांगितलं, की पुढच्या जत्रेत कंपनीचा स्वतःचा पेटारा देवीसमोर पूजेला लागला नाही, तर सातेरीच्या जत्रेतला दहीकाला, म्हणजे रात्रीच्या नाटकाचा मान, पलीकडच्या गावच्या कंपनीला देऊ. आमच्या पणज्यापासून चालत आलेला मान! बघू कोण नेतो ते.

९ मे

देवळाच्या चौकात कंपनीची बैठक झाली. कंपनीचे चालक दत्तारामतात्या. पासष्टी उलटली तरी राजा तेच करतात आणि घरी ताक मागतानाही राजाच्याच आवाजात मागतात. मी अर्ज काढला. पहिलाच रकाना, मालमत्तेच्या मालकाचे नाव.

मी म्हटलं, "तात्यांचं घालतो."

तात्या असे दचकले की पानाचा विडा तोंडातून पडला. "माझा? खुळो काय तू? पेटारो कोणाचो? सातेरीचो! आमी तिचे चाकर. उद्या तिच्यासमोर खंयच्या तोंडान उभो रवतलंय?"

खरंच होतं ते. पेटारा देवीचा. रोज सकाळी त्याला फूल वाहायचं, त्याच्यावर पाय पडू द्यायचा नाही, कंपनी फुटली तरी पेटारा फुटत नाही. पोराटोरांनाही हे ठाऊक आहे. मग मी लिहिलं. मालक: श्री सातेरी देवी. राहणार: देऊळ, इब्रामपूर, तालुका पेडणे. वय: अनादि. धंदा: गावाचा सांभाळ. पतीचे किंवा वडिलांचे नाव या रकान्यात बराच वाद झाला, शेवटी तो कोरा सोडला. सहीच्या जागी देवळातला अंगारा लावला.

धाकू आमचा संकासूर, त्याला गप्प बसवत नाही. म्हणाला, "तलवारी मी केललंय. त्या माझ्या नावार घाल." मग स्वतःच घाबरला. "नको रे बाबा. पाखल्यांनी कागदार हत्यारां म्हणान लिवलेली आसत. भरपाई ऱ्हवली बाजूक, माकाच धरतले."

१० मे

रात्री जेवताना मी जानकीला पेटाऱ्यातल्या वस्तू एकेक करून सांगत होतो, म्हणजे किंमत लिहिताना काही राहायला नको. "माझा शालू," मी म्हटलं, "जांभळा, मोठ्या जरीकाठाचा. त्याच्याइतका मला दुसरा कुठला शोभलाच नाही."

"तुमचो?" ती म्हणाली.

"मग कोणाचा? तो नेसून मी सगळं पेडणं आणि डिचोली गाजवलं."

ती उठली आणि ताट न उचलता मागच्या दारी गेली. तिलाही त्या शालूचं फार वाईट वाटतं. लग्नात ती तोच नेसली होती ना. पुढच्याच जत्रेला मी तो पेटाऱ्यात घातला. एकदाच नेसलेला शालू फडताळात कुजण्यापेक्षा देवीच्या कामाला लागला, हे तिचं भाग्यच म्हणायचं.

२१ मे, शुक्रवार

अर्ज दिला. सोबत पाखल्यांनी चौकीवर दिलेली जप्तीची पावती जोडली. इतकी वर्षं तात्यांनी ती जपून ठेवली होती, काय लिहिलंय ते कोणालाच कळत नव्हतं. तिथल्या कारकुनाला पोर्तुगीज येतं. त्यानं वाचून सांगितलं, "हत्यारे, देवाचे मुखवटे आणि बायकांचे जुने कपडे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायकांचे जुने कपडे! राणीचा पोशाख होता तो. पाखल्यांना कधी काही कळलंच नाही. मी कारकुनाला म्हटलं, हे शब्द खोडा. तो म्हणाला, सरकारी कागदावर खाडाखोड करता येत नाही, आणि अर्जातलं मालकाचं वय वाचून टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला. त्याचे खांदे हलत होते. हस बाबा. देवी बघते आहे. घरी येऊन जानकीलाही ते शब्द तीनदा ऐकवले.

१८ जुलै

लावणी चालू आहे. गुडघाभर चिखलात राणी. कंबर धरली आहे, लिहवत नाही. म्हापशाहून अजून काही नाही.

६ ऑगस्ट, शुक्रवार

अर्ज फेटाळला.

अधिकारी गुरुदासबाब म्हणून आहेत, बार्देसचे, वयानं माझ्याहून लहान. माणूस वाईट नाही. "बसात," म्हणाले, चहा मागवला. मग अर्ज पुढे सरकवून म्हणाले, "सगुणबाब, भरपाई नागरिकाला मिळते. देवी नागरिक नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "पाखले आले त्याच्या आधीपासून ती इथे राहते. ते आले, ते गेले, तिनं एक दिवस गाव सोडला नाही. तिच्याहून जुना नागरिक मला या कचेरीत एक तरी दाखवा."

"मी मानतो हो. कायदा मानत नाही."

"जप्त करताना पाखल्यांनी नाही विचारलं नागरिक आहे का म्हणून. परत देताना बरं तुम्हाला आठवलं!"

ते रागावले नाहीत, त्यामुळे मला अधिकच राग आला. त्यांनी चष्मा पुसला आणि सुचवलं, की तात्यांनी मालक म्हणून सही करावी, काम लगेच होईल. "नुसती एक सही. कोण बघतंय?"

"ती," मी म्हटलं. पण परतीच्या करेरीत, म्हणजे बसमध्ये, बसल्यावर मनात आलं, खरंच, नुसती एक सही. नव्या साड्या येतील, नवा किरीट येईल, जत्रेचा मान राहील. करेर खड्ड्यात आपटत होती आणि मी मनात जरीकाठ निवडत होतो.

८ ऑगस्ट

तात्या ऐकेनात, म्हणून देवीला कौल लावला. गुरवानं ओल्या पाकळ्या मूर्तीवर चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तात्यांनी हात जोडून विचारलं, "आई, मी मालक म्हणान सही करू?" बराच वेळ काही हलेना. मग डावी पडली. तात्यांचा चेहरा असा उजळला की मला ते बघवेना. माणसाला पैसे नाकारले जातात आणि तो खूश होतो!

मी पुढे झालो. म्हटलं, "मी केली तर?" तोंडातून शब्द पुरता बाहेर पडायच्या आत डावी खाली.

"देवीक तुझा अक्षर आवडणा नाय," धाकू म्हणाला.

देवळाच्या पायऱ्या मी धाडधाड उतरलो. तुझ्यासाठी भांडतोय मी, आणि तूच माझ्या विरुद्ध? देवीला मी मनात नको ते बोललो. लिहीत नाही.

१० ऑगस्ट

 आज संध्याकाळी ठरवलं, देवी काहीही म्हणो, सही मी करणार. मान गेल्यावर तोंड दाखवण्यापेक्षा देवीचा राग परवडला. हे मी जानकीला मोठ्यानं ऐकवलं, कारण असलं धाडस एकट्यानं मनात ठेवता येत नाही.

ती नारळ खवत होती. "करा सही," म्हणाली. "मगे तो शालू कायमचोच तुमचो जातलो. सरकारी कागदार."

"हो, मग?"

"आनंदीची चोळी पण तुमची. चंद्रावतीची दोन लुगडी पण तुमची."

"अगो, पेटाऱ्यातलं सगळं देवीचं. तेच तर देवीला विचारत होतो."

तिनं खोबऱ्याची वाटी खाली आपटली. इतक्या वर्षांत तिला असं पाहिलं नव्हतं. "देवीक कित्याक इचारतास? माका इचारा! माझ्या घोवाक माझो शालू दिसता, मी दिसणंय नाय. देवीन डावी पाकळी टाकली ती बरी टाकली."

आणि पदर खोचून, भर पावसात, आनंदीच्या घरी निघून गेली. आनंदी ही शेजारची विधवा, चंद्रावती तिच्या पलीकडच्या घरची. बायकांना कायद्याचं काही कळत नाही आणि मग असा त्रागा करतात. तरी सही करायला उद्या जावं असं आता मला वाटेनासं झालं आहे. पावसाचे दिवस, कंबरही दुखते.

२२ ऑगस्ट

चवथ आठवड्यावर आली. विहिरीवर बायकांची ही गर्दी. मी गेलो की गप्प होतात, बहुधा गणपतीवर टांगायच्या माटोळीला कोण काय बांधणार याची चुरस असेल. चवथीशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नाही.

जानकीचा राग गेलेला दिसतो. उलट आता माझ्या कामात फार रस घेते. काल विचारलं, "साक्षीदार म्हणजे काय करूचा आसता?" मी सविस्तर सांगितलं, की ज्यानं वस्तू डोळ्यांनी पाहिली त्यानं साहेबांसमोर शपथेवर खरं तेच सांगायचं असतं. "आणि तो नट आसलो तर?" म्हणाली. मी म्हटलं, नटसुद्धा शपथेवर खरं बोलतो. तिनं मान हलवली. आज म्हणाली, "माझा नाव लिवन दाखवा." मी कोळशानं जमिनीवर लिहिलं, जानकी सगुण गवस. तिनं ते पुसलं, पुन्हा गिरवलं, पुन्हा पुसलं. शेवटी सगुण आणि गवस मला पुसायला लावून फक्त जानकी गिरवत बसली. या वयात शिकावंसं वाटतं, चांगलं आहे. माझ्या सहवासाचा परिणाम.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

आजचं लिहायला नको वाटतं, पण लिहिणार.

अर्जांची मुदत संपत आली होती. मी आणि तात्या शेवटचं ऐकवायला म्हापशाला गेलो. पाकिस्तानशी लढाई थांबल्याची बातमी करेरीत कळली, लोक पेढे वाटत होते. आम्ही ठरवून गेलो होतो. देवी नागरिक नसेल तर तुमची भरपाई आम्हाला नको, ती ठेवा तुमच्या कपाटात, असं तोंडावर सांगायचं आणि ताठ मानेनं परत यायचं. मान गेला तर गेला. मी तर वाटेत वाक्यंसुद्धा पाठ केली होती, राजपार्टीच्या चालीवर.

कचेरीत शिरलो तर आत आमच्या गावच्या बायका. बाजाराला जातो म्हणून पहाटे निघालेल्या. जानकी, आनंदी, चंद्रावती, आणखी सातआठ जणी, डोक्यावरून पदर घेऊन बाकावर बसलेल्या. पाठ केलेली वाक्यं तिथेच विसरलो.

गुरुदासबाब उठून उभे राहिले होते. "बोलात, बाई."

जानकी म्हणाली, "पेटारो सातेरीचो. तो आमी मागणव नाय. तो ती आपणच घेव दी. पण आतली कापडां आमची. पाखल्यांच्या कागदार पण तसाच लिवलेला आसा, बायकांचे कपडे. आमी त्यो बायका."

 गुरुदासबाबांनी फाइलीतली पावती काढली, वाचली, मग कायद्याचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून तेही वाचलं. "कायद्यात बसतं," ते स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणाले, "पण त्या वस्तू तुमच्याच होत्या, याला साक्षीदार?"

जानकीनं वळून माझ्याकडे बोट दाखवलं. "हे. नेसणारे हेच."

सगळी कचेरी हसली. तो कारकून तर उघड हसला. गुरुदासबाबांनी मला पुढे बोलावलं, शपथ दिली. मग विचारलं, "सगुण गवस, जप्त झालेला जांभळा शालू कोणाचा होता?"

मी राणीच्या पार्टात हजार माणसांसमोर रडलोय, कधी आवाज चुकला नाही. आज चुकला. शालू माझा, असं जिभेवर येऊन थांबलं. माझ्याशिवाय तो शालू म्हणजे काय होता? एका खेड्यातल्या नवरीचं एक दिवसाचं वस्त्र. मी त्याला राणीचा केला. हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण शपथ होती, आणि समोर जानकी उभी होती. ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती, साहेबांच्या टेबलावर डोळे लावून उभी होती.

"हिचा," मी म्हटलं.

"तुमच्याकडे कसा आला?"

"घेतला."

"तिनं दिला की तुम्ही घेतला?"

"ह्यात कायद्याचा काय संबंध?" मी म्हटलं. "पाखल्यांनी नेला तेव्हा तो हिचा होता. आधी मी घेतला की शेजाऱ्यानं, ते आमच्या घरचं आहे. तुम्ही भरपाई लिहा आणि घरच्या गोष्टी घरात राहू द्या."

गुरुदासबाब हसले आणि त्यांनी लिहिलं. मग आनंदीची चोळी, चंद्रावतीची लुगडी, बाकी सगळ्यांचं. प्रत्येकीसाठी मला सांगावं लागलं, हे हिचं, मी घातलं होतं. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावरचं मी आयुष्यभर घालत आलो, हे असं एकामागून एक मोठ्यानं म्हणायला लागल्यावरच ऐकू आलं. बाकीच्यांनी अंगठे दिले. जानकीनं सही केली, नुसती जानकी. अक्षर माझ्यापेक्षा बरं आलं.

तात्या कोपऱ्यात बसून होते. बाहेर येताना म्हणाले, "देवीन डावी कित्याक टाकली, ता आता कळला." मला काही कळलं नाही. परतीच्या करेरीत बायका पुढे बसल्या आणि सगळ्या वाटेभर गात होत्या. मी मागे उभा.

१४ नोव्हेंबर

बायकांची भरपाई मंजूर होऊन आली. म्हापशाच्या कचेरीची पहिलीच मोठी प्रकरणं म्हणे. मला वाटलं होतं, बायका पैसे तात्यांच्या हातात ठेवतील आणि मी साड्या निवडायला जाईन. मी दुकानंही हेरून ठेवली होती.

आज त्यांनीच आम्हाला चौकात बोलावलं. पुरुषांना! आम्ही खाली बसलो, त्या वर. जानकी बोलली. साड्या त्यांनी स्वतः म्हापशाला जाऊन घेतल्यात. पेटारा मेस्त सुताराकडून नवा करून घेतलाय, तो देवीला वाहिला आहे, जत्रेत पूजेला लागणार, मानकऱ्यांना तसं कळवलंही आहे. म्हणजे मान राहिला. तात्यांनी डोळे पुसले. मी उठून त्यांचे आभार मानायला सुरुवात करणार, तोच ती म्हणाली, "बसा. अजून संपला नाय."

"पेटारो देवीचो. साडये आमच्ये. त्ये आमच्या फडताळात रवतले. जत्रेक कोणाक नेसूच्ये आसात, तर दारात येवन इचारूचा. आमी व्हय म्हटला तर न्या. नको म्हटला तर नको."

मी उसळलो. "म्हणजे राणीनं दारोदार साडी मागत फिरायचं? पाखल्यांनी एकदा अपमान केला, तुम्ही दर जत्रेला करणार?"

"पाखल्यांनी इचारलेला नाय," आनंदी म्हणाली. "तुमीय नाय. आता इचारा."

धाकू खाली मान घालून हसत होता. त्याचं बरं आहे. संकासुराला काळा बुरखा लागतो आणि तो त्यानं स्वतःच शिवलाय. मी मात्र सरळ सांगून टाकलं, की मी मागणार नाही. मरेन पण माझ्याच बायकोच्या दारात उभा राहून साडी मागणार नाही. जन्मभर राणी केली आहे, भिकारीण नव्हे.

२ डिसेंबर

मागणार नाही.

९ डिसेंबर

तात्या समजूत घालायला आले होते. त्यांनाही जरीचा शेला त्या बायकांतल्या लक्ष्मीकडे मागावा लागला. म्हणाले, तिनं आत बोलावून पेज वाढली आणि शेला दिला, त्यात काय एवढं.  जानकी दळत होती. जातं थांबलं नाही.

१३ डिसेंबर, सोमवार, दुपार

काल सातेरीची जत्रा झाली.

सकाळी नवा पेटारा देवीसमोर लागला. मानकऱ्यांनी नारळ तात्यांच्या हातात दिला आणि पलीकडची कंपनी आमच्या मांडाच्या, नाटकाच्या जागेच्या, बाहेर उभी राहून बघत होती. तेवढ्यासाठी दहा वर्षं जगलो असं वाटलं. मग रंगाची वेळ जवळ आली. चेहरा रंगवायला घेतला आणि अंगात नुसता बनियन. राणी बनियनवर मांडावर जाऊ शकत नाही. धाकूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

अर्धा रंग लावलेला तसाच घरी गेलो. वाटेत पोरं ओरडत होती. दार उघडंच होतं, तरी मी उंबऱ्यापाशी थांबलो.  स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर असा कधी उभा राहिलो नव्हतो.

"काय गो," मी म्हटलं, "शालू देशील काय?"

आतून आवाज आला, "कोणाचो?"

रागानं डोळ्यांत पाणी आलं. अर्धा रंग ओघळेल म्हणून पुसताही येईना. बाहेरून ढोल ऐकू येत होता.

"तुझो," मी म्हटलं.

ती बाहेर आली. शालू तिच्या अंगावर होता. नवा, जांभळाच, मोठ्या जरीकाठाचा. केसांत अबोली. लग्नाच्या दिवशी तिच्याकडे पाहिल्याचं मला आठवतच नाही, तिथे नजर शालूवरच असणार. काल मी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं राणी कशी दिसते ते मी आरशात शोधत होतो.

"आज नाय," ती म्हणाली. "आज मी नेसलंय."

आणि माझ्या बाजूनं निघून, ताठ मानेनं, भर रस्त्यानं मांडाकडे चालत गेली.  मग आनंदीच्या दारात गेलो आणि विचारलं. तिनं तिची हिरवी दिली. "सांभाळून नेसा," म्हणाली, "वाटेर चिखल आसा."

आनंदीची हिरवी मला शोभत नाही. रंग उठून दिसत नाही आणि काठ अरुंद आहे. मी मांडावर आलो तेव्हा जानकी पुढच्या रांगेत बसली होती आणि लोक माझ्याकडे पाहायचं सोडून तिच्याकडे पाहत होते. मला राग यायला हवा होता, आलाही. पण काम मी चुकू दिलं नाही.

उद्या लाटंबार्सेला नाटक आहे. सकाळी उठून पुन्हा विचारणार आहे.